लीलाबेनच्या ओटल्यावरचे डबे

लीलानं घरघंटी आधी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. जाळी काढून खिडकीच्या उजेडात धरली आणि ब्रशनं तिच्या भोकाभोकांतून कालच्या बाजरीचा उरलासुरला कण झटकून काढला. उद्या एकादशी. आज पहिलं दळण उपवासाचं, आणि त्यात धान्याचा एक कणही जाता कामा नये.

"आम्ही बॉयलरसुद्धा एवढा धूत नव्हतो," तिचा नवरा श्रीकृष्ण चहाच्या कपाआडून म्हणाला. बडोद्याबाहेर छाणीच्या पुढच्या एका रसायन कारखान्यात बॉयलरपाशी त्यानं तीस वर्षं काढली होती, त्यामुळे साधं बोलणंही तो ओरडून बोलायचा.

"म्हणून तर तो वरचेवर बंद पडायचा," लीला म्हणाली आणि तिनं वरईचा डबा उचलला.

तेवढ्यात दार वाजलं. टक टक, बोटाच्या पेरानं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मांडवीपासून चालत दहा मिनिटांवरच्या या चिटणीसांच्या गल्लीत दार वाजवायची पद्धतच नव्हती. ज्याला दळण द्यायचं तो दारापुढच्या ओटल्यावर दण्णदिशी डबा ठेवायचा आणि "लीलाबेन, बारीक हं!" असं ओरडून पुढे जायचा. दार वाजवणारा म्हणजे परका. एक तर मीटरवाला, नाहीतर कोणी तरी काही विकणारा.

दारात चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, ओढणी घामानं मानेला चिकटलेली.

"मासी, बे मिनिट आपशो?" तिनं गुजरातीत दोन मिनिटं मागितली. मग लीलाचा चेहरा आणि आतलं देवघर पाहून म्हणाली, "मी मराठी पण बोलते. थोडी थोडी. माझी नानी सांगलीची. मी मिताली. शहराच्या नियोजनाचा सर्वे आहे. जुन्या गल्ल्यांत चालायला चांगला रस्ता करायचा, झाडं लावायची, पाणी जमिनीत मुरेल असं करायचं. त्यात लोकांना काय पाहिजे, ते विचारून करायचं."

"विचारा की," लीला म्हणाली. मनात मात्र वरईचा डबा होता. सकाळी दहाच्या आत उपवासाची सात दळणं उरकायची होती.

"घर तुमचं स्वतःचं?"

"छे छे. भाड्याचं. मालक वर राहतात, दिनकरराव. खरं तर त्यांनाच विचारा."

"तुम्ही किती वर्षं आहात इथं?"

"एकतीस."

मितालीनं मान वर करून पाहिलं आणि आकडा टाकला. "घरात काही धंदा चालतो?"

"धंदा कसला, बाई! येणाऱ्या-जाणाऱ्याचं थोडं दळून देते, झालं."

"म्हणजे नाही लिहू?"

"नाहीच लिहा."

"समोरच्या ओटल्याचा वापर होतो? बसणं, काम करणं, सामान ठेवणं?"

"बसायला सवड कुणाला आहे इथं?" लीला हसली. "नाही."

"काही अडचण? काही सोय पाहिजे?"

"नको नको. चाललंय ते छान चाललंय."

"शेवटचा प्रश्न. ही जागा आपली आहे असं तुम्हाला किती वाटतं? एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे पूर्ण."

वर दिनकररावांच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता. पाच म्हणावं तर मालक वरच बसलेत, त्यांच्या डोक्यावरून जाऊन आपली जागा कसली? एक म्हणावं तर गल्लीतल्या बायकांचा अपमान, इतकी वर्षं आपलेपणानं वागवलं त्यांनी.

"दोन लिहा," ती म्हणाली.

मग, मुलगी उन्हातून आलेली, म्हणून लीलानं तिला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. "आत गरम होतं, बाहेरच टेक. तो पिवळा डबा जरा इकडे सरकव, उपवासाचा आहे, त्याला काही लागू देऊ नकोस." मिताली ओटल्यावर मांडी घालून बसली, आजूबाजूला नऊ डबे, मधे ती. चहा पिता पिता तिनं टॅबवर बोट फिरवलं आणि ओटल्याच्या रकान्यात 'वापरात नाही' अशी खूण करून टाकली.

*

लीला दोंडाईच्याची. सुरतेमार्गे बडोद्याला आली ती एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि नवऱ्याच्या कंत्राटी नोकरीचा कागद घेऊन. गल्ली मात्र जुन्या बडोदेकर मराठी लोकांची. कुणाचे आजोबा संस्थानात चिटणीस, कुणाचे शाळाखात्यात, दिनकररावांचे खजिन्यात कारकून. खजिन्याचा विषय निघाला की दिनकरराव अजूनही आवाज खाली आणतात, जणू किल्ल्या खिशातच आहेत. अशा गल्लीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत राहायला आलेलं खानदेशातलं जोडपं म्हणजे "कारखान्यातले भाडेकरू". कुणी वाईट वागलं नाही. फक्त भेटेल तो विचारायचा, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि लीलाला वाटायचं, अजून विचारतायत म्हणजे अजून आपण इथले झालो नाही.

पहिलं वर्षभर ती रोज ओटला झाडायची, पुसायची, आणि आत यायची. बसली कधी नाही. घराला लागून पाच फूट रुंद, बारा फूट लांब, कोट्याच्या फरशीचा तो ओटला, पण तो मालकाचा. शेवटी एक दिवस दिनकररावांच्या पत्नी, कुसुमावतीबाई, जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "लीला, बस की गं जरा. फरशी काय मी सोन्याची केलीय?"

श्रीकृष्णचं कंत्राट एकदा आठ महिने सुटलं होतं, तेव्हा लीलानं एका जुन्या दुकानातून ही घरघंटी आणली. पहिला डबा कुसुमावतीबाईंनीच खाली आणून दिला, थालिपिठाच्या भाजणीचा. बाहेरच्या चक्कीवर कुणाच्या मिरचीनंतर आपलं पीठ दळलं जातं याचा त्यांना भारी राग. लीलाच्या दळणाला मात्र शिस्त होती. सकाळी उपवासाचं, मग गहू-ज्वारी, शेवटी भाजण्या आणि तिचं खानदेशी कळणं. दर वेळी जाळी बदलायची आणि पेटी पुसायची. मिरची-मसाल्याला बंदी. ज्वारी-उडदाचं ते कळणं पाहून सुरुवातीला गल्लीनं नाकं मुरडली. आता हिवाळ्यात त्याचेच डबे जास्त येतात.

ही शिस्त सांभाळायचा तो ओटला. तुळशीच्या कुंडीकडचं टोक उपवासाच्या डब्यांचं. मधली जागा रोजच्या धान्याची. पायरीकडचं टोक भाजण्यांचं. डब्याला ना चिठ्ठी ना नाव. कुठं ठेवला त्यावरून लीलाला कळायचं, काय दळायचं आणि कितव्या नंबरला. गल्लीतलं लहान पोरही चुकून गव्हाचा डबा तुळशीकडे ठेवायचं नाही. आणि डबा ठेवला की बायका टेकायच्या. कुणी मेथी निवडायची, कुणी सुनेबद्दल बोलायची, कुणी नुसतीच बसायची. कुसुमावतीबाई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळीही त्या इथेच बसून वाटाणे सोलत होत्या.

गल्लीच्या टोकाचं एक कुटुंब अधूनमधून टोमणा मारायचं, "भाडेकरूनं ओटला गिळला." लीला ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण त्या दिवशी डबे जरा भिंतीकडे सरकवून ठेवायची.

*

सर्वेनंतर दीड महिन्यानं सरोजिनीबाई आल्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, चौथ्या घरातल्या. हातात गव्हाचा डबा होता, पण तो ठेवायचं भान नव्हतं.

"लीला, नकाशा लागलाय. शाळेच्या हॉलबाहेर. आपली अख्खी गल्ली रंगवलीय."

"चांगली दिसतेय?"

"हिरवी दिसतेय. पण चौदा घरांपैकी अकरा ओटले लाल. लाल म्हणजे वापरात नाही, काढायचे. तिथं फुटपाथ आणि झाडं. तुझाही लाल."

लीलाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "वापरात नाही? असं कोण म्हणालं?"

"तेच मी विचारणार होते. तू काय सांगितलंस?"

लीलानं फडक्याची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "मी म्हटलं, बसायला सवड कुणाला आहे."

सरोजिनीबाई मटकन ओटल्यावर बसल्या. "आणि मी सांगितलं, आमच्या घरातल्या बायका बाहेर ओट्यावर बसत नाहीत."

"तुम्ही? अहो, रोज साडेपाचला तुम्ही माझ्या आधी बसलेल्या असता!"

"अगं, अनोळखी माणसानं विचारलं तर काय सांगायचं, आम्ही रस्त्यावर चकाट्या पिटतो? आई-आजीनं लावलेली सवय आहे ती. तोंडातून आपोआप आलं."

संध्याकाळपर्यंत सगळं बाहेर पडलं. समोरच्या काकू म्हणाल्या होत्या, आम्हाला कसलीच अडचण नाही. पलीकडच्या घरी काय हवं विचारल्यावर "तुमची कृपा आहे" असं उत्तर गेलं होतं. एकीनं तर मुलगी बिचारी दमली असेल, तिचं काम लवकर संपावं म्हणून सगळ्याला "हो, छान" म्हटलं होतं. कुणी काही हवं का विचारलं की आधी "नको" म्हणायचं, मग त्यानं पुन्हा विचारायचं, मग "बरं, अर्धा कप" म्हणायचं, ही सगळ्या घरांची रीत. टॅबला ही रीत कोण शिकवणार? त्यानं एकदा विचारलं, "नको" ऐकलं आणि पुढच्या घरी गेलं. सगळ्या जणी हसत सुटल्या.

"आता डबे कुठं ठेवायचे?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"आत," श्रीकृष्ण दारातून ओरडला. "माझ्या डोक्यावर ठेवा!"

आतली खोली दहा बाय नऊची. त्यात घरघंटी, पलंग, देव आणि श्रीकृष्ण. पंधरा डबे तिथं एकावर एक रचले की उपवासाचं कुठलं आणि बाजरीचं कुठलं, कोण ओळखणार? एकदा वरईत गहू गेला की सरोजिनीबाईंसारख्या पुन्हा डबा पाठवायच्या नाहीत. आणि टेकायला जागा नसली की डबा दारात देऊन माणूस निघून जाणार. दळण कदाचित चालेल. बाकीचं सगळं थांबेल. लीलानं रात्रीचा स्वयंपाक करताना हे दहादा मनात मांडून पाहिलं, आणि दहाही वेळा शेवट तोच आला.

हरकती-सूचना ऐकण्याची सभा पुढच्या रविवारी होती. लीला वर दिनकररावांकडे गेली.

"काका, तुम्ही बोला. घर तुमचं."

दिनकरराव ब्याऐंशीचे. खुर्चीतून उठायलाही आधार लागायचा. त्यांनी चष्मा पुसला. "मी काय बोलू? मी सांगितलं होतं, सर्व काही व्यवस्थित आहे. आमच्या घराण्यात तक्रार करायची पद्धत नाही."

"आता करा ना मग."

"लीलाबाई, ही गेल्यापासून मी त्या ओटल्यावर बसलेलो नाही. नऊ वर्षं झाली. ते विचारतील, वापर काय? मी काय सांगणार? कुठला डबा कुठल्या टोकाला जातो हेसुद्धा मला ठाऊक नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बोला."

"मी भाडेकरू. उद्या लोक म्हणतील, बघा, आता मालकाच्या वतीनं बोलायला लागली."

"म्हणू देत," दिनकरराव म्हणाले. मग जरा रागावूनच, "मी लेखी परवानगी देऊ का? आमच्या आजोबांच्या अक्षरात देऊ?"

लीला हसली. खाली आल्यावर तिनं शिवणाचा टेप काढला आणि ओटला मोजला. मग एक डबा ठेवून मोजलं. मग श्रीकृष्णला बसवून मोजलं.

"माझं माप कशाला?" तो ओरडला. "शर्ट शिवतेस की काय?"

"गप्प बसा. पोट आत घ्या. त्या सरोजिनीबाई तुमच्याहून बारीक आहेत."

*

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. पडद्यावर नकाशा, समोर टेबलाशी नियोजनाचे साहेब आणि कडेला टॅब घेऊन मिताली. पहिला तास गाड्या कुठं लावायच्या यातच गेला. एक दुकानदार म्हणाला, झाडं लावली तर माझी पाटी झाकली जाईल. एक आजोबा दोन मिनिटांची घंटा वाजल्यावरही दहा मिनिटं बोलले आणि कशाबद्दल ते कुणालाच कळलं नाही. लीला सरोजिनीबाईंच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा सरोजिनीबाईंनी तिला जवळजवळ ढकललंच.

माईक तिच्या उंचीच्या वर होता. मितालीनं येऊन तो खाली केला आणि हळू म्हणाली, "मासी, तुम्ही? तुमचं तर सगळं छान होतं."

"हो ना," लीला म्हणाली. माईक चालू होता, त्यामुळे हे सगळ्या हॉलनं ऐकलं.

साहेबांनी कागद पाहिला. ते गुजराती होते, हिंदी-मराठी मिसळून बोलत होते. "बेन, तुमच्या घराच्या नोंदीत ओटला वापरात नाही. धंदा नाही. अडचण नाही. हे तुम्हीच सांगितलं ना?"

"मीच सांगितलं, साहेब."

"मग आता?"

मागं कोणी तरी खोकलं. तिनं ओळखलं, गल्लीच्या टोकाचं घर.

"साहेब, आमच्याकडे कुणी काय हवं विचारलं की आम्ही आधी नको म्हणतो. या मुलीचा काही दोष नाही. तिनं बरोबर विचारलं, मी चुकीचं सांगितलं. हिनं ओटल्यावर बसूनच चहा घेतला, आजूबाजूला नऊ डबे होते. मीच म्हटलं वापर नाही, तर ती बिचारी काय लिहिणार?"

मिताली कानकोंडी झाली. "सर, हे खरं आहे. मी तिथंच बसले होते."

"डबे कसले?" साहेबांनी विचारलं.

मग लीलानं सांगितलं. उपवासाचं टोक, धान्याची मधली जागा, भाजण्यांचं टोक. जाळी बदलणं. कोण कधी येतं, कोण किती वेळ बसतं. दोन मिनिटांची घंटा वाजली, तिला ऐकू आली नाही. शेवटच्या संध्याकाळी कुसुमावतीबाई तिथंच वाटाणे सोलत होत्या, तेही तिनं सांगितलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बेन, मी समजलो. पण फुटपाथ पण लोकांसाठीच आहे. म्हातारी माणसं स्कूटरमधून वाट काढत चालतात तिथं."

"मला माहीत आहे. या सरोजिनीबाई गेल्या वर्षी तिथंच पडल्या, हाताला प्लास्टर होतं. फुटपाथ हवाच. झाडंही हवीत, दुपारी फरशी तापते. मी सगळं नको म्हणायला आले नाही."

"घरमालकाची संमती?"

"आहे. लेखी आणलीय." तिनं पिशवीतून कागद काढून दिला. दिनकररावांनी तीन पानं लिहिली होती, पहिली दोन खजिन्याबद्दल.

साहेबांनी तिसरं पान वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही त्यांच्या कोण? नोंदीला लागेल."

हॉलमध्ये पंखे फिरत होते. भाडेकरू हा शब्द लीलाच्या जिभेवर आला होता. तो खोटा नव्हता. पण आज तेवढाच सांगितला असता तर पुन्हा त्या सकाळसारखंच अर्धं उत्तर झालं असतं.

"मी चिटणीसांच्या गल्लीची आहे," ती म्हणाली. "एकतीस वर्षं तिथं राहते. दळण करते. तो माझा धंदा आहे."

मागून सरोजिनीबाईंनी टाळी वाजवली, एकटीनंच, आणि मग ओशाळून थांबल्या. मिताली टॅबवर भराभर काही तरी खोडत होती.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांनी नवा कागद ओढला. "तुमची मागणी एका वाक्यात सांगा. जशी सांगाल तशी लिहितो."

लीलानं पदर सारखा केला आणि दोन्ही हातांनी माईक धरला.

"ओटला पाच फुटांचा आहे, त्यातला अर्धा फुटपाथला घ्या, पण घराला लागून अडीच फूट राहू द्या, एक फूट डब्यांना लागतो आणि दीड फूट बसणाऱ्या माणसाला."